पारावरचा फेटा

माझ्या सासऱ्यांना गावच्या पारावर मारलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

आमचं गाव श्रीगोंद्याकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. आमचं घर ओढ्याच्या कडेला, मांगवाड्यात. सासरे हलगी वाजवायचे. वरात असो, कुस्त्या असोत की जत्रेतली पालखी, पुढं हलगी लागायचीच, आणि आजूबाजूच्या गावांत त्यांच्यासारखा हात कुणाचा नव्हता. माझा नवरा त्यांच्याकडूनच शिकला. गावाला त्यांचं वाजवणं हवं असायचं. पण देवळापुढच्या पारावर आमच्यातल्या कुणी चढायचं नाही, ही रीत होती. कायदा काय म्हणतो ते पारापर्यंत पोचलं नव्हतं.

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी शाळेवर एक तरुण मास्तर बदलून आले. गाण्या-वाजवण्याचं त्यांना वेड होतं. जत्रेला जोडून त्यांनी शनिवार-रविवार मेळा भरवला. गोंधळी, वाघ्या-मुरळी, भजनी मंडळं, लेझमाचे ताफे, सगळ्यांना बोलावलं. आमच्या घरी ते स्वतः आले, ओट्यावर बसून पाणी प्याले. ज्याची कला सरस ठरेल त्याला पारावर फेटा बांधणार, असं त्यांनी सांगितलं. सासऱ्यांनी दोनदा विचारलं, कुठं बांधणार म्हणून. मास्तर म्हणाले, पारावरच.

शनिवारी सकाळपासून मैदान भरलं. हलगीचं कातडं गार पडलं की आवाज बसतो, म्हणून ती सारखी जाळावर शेकावी लागते. ते काम माझ्याकडं होतं. मैदानाच्या कडेला मी उसाचं पाचट आणि बाभळीची लाकडं पेटवून बसले. एक हलगी वाजत असली की दुसरी माझ्याकडं तापत असायची. बापलेक समोरासमोर उभे राहून वाजवायला लागले तेव्हा लेझमाची पोरंही गप्प झाली. सासरे साठीला टेकले होते, पण त्यांच्या हातातली टिपरूची काडी दिसत नव्हती, नुसता कडकडाट ऐकू येत होता. म्हाताऱ्या बायका पदर खोचून नाचायला लागल्या.

पाटलांचा पुतण्या लेझमाच्या ताफ्याचा म्होरक्या होता. आमचं वाजवणं लांबलं तसा तो माझ्याकडं आला आणि धूर होतो म्हणून जाळ हलवायला सांगितलं. मी म्हटलं, एवढं संपू द्या. त्यानं बुटाच्या एका लाथेनं विस्तव उधळला. निखारे माझ्या पायांवर पडले. नवरा वाजवायचं सोडून धावला, तर सासऱ्यांनी त्याला मनगटाला धरून मागं ओढलं. "उद्याच्याला फेटा हाय," ते म्हणाले. "आज हात उचलायचा न्हाई." नवऱ्यानं दातओठ खाल्ले आणि पुन्हा हलगी घेतली. मी हातानंच निखारे गोळा केले.

रविवारीही मी मैदानाच्या कडेला जाळ पेटवून बसले होते. दुपार कलल्यावर मास्तरांनी पारावर उभं राहून निकाल सांगितला. फेटा माझ्या सासऱ्यांना मिळाला होता. टाळ्या पडल्या, खूप पडल्या, हे सांगितलं पाहिजे. गोंधळ्यांनी तर शिट्ट्या घातल्या. मास्तरांनी सासऱ्यांना वर बोलावलं. तेवढ्यात पुतण्यानं ताटातला गुलाबी फेटा उचलला आणि वरूनच खाली धुळीत टाकला.

"घे तिथंच," तो म्हणाला.

सासरे फेट्याकडं बघत उभे राहिले. त्यांनी तो उचलून झटकला, नीट घडी घातली. मला वाटलं, आता परत फिरतील. ते म्हणाले, "मास्तरांनी वर बोलावलंय. वरच घेतो." आणि पायऱ्या चढले.

पहिला घाव ताफ्यातल्या एकाच्या लेझमाचा होता. लाकडी दांडा कानशिलावर बसला आणि साखळीच्या चकत्यांनी गाल ओठापर्यंत फाटला. ते गुडघ्यावर आले. मास्तर मध्ये पडले, तर त्यांना पारावरून ढकलून दिलं. त्यांचा चष्मा पायाखाली फुटला. माझा नवरा वर चढत होता, त्याला तंगडी धरून खाली ओढला आणि चार-पाच जण त्याच्यावर तुटून पडले. बायका पोरांना छातीशी धरून पळत सुटल्या. पारावर पुतण्यानं सासऱ्यांचा उजवा हात दगडावर दाबून धरला आणि बुटाच्या टाचेनं ठेचायला लागला. बोटं मोडल्याचा आवाज मला मैदानाच्या कडेला ऐकू आला असं मी कायम सांगत आले. इतक्या कल्लोळात तो कसा ऐकू येईल, हे मलाही कळतं.

जाळातलं लाकूड मी कधी उपसलं ते आठवत नाही. पायऱ्या चढल्याचं आठवतं. तो पाठमोरा होता. मी लाकूड दोन्ही हातांनी त्याच्या मानेवर आणि खांद्यावर घातलं. त्याच्या अंगात टेरिलीनचा शर्ट होता. टेरिलीन पेटत नाही, वितळतं, आणि कातड्याला चिकटतं. तो असा ओरडला की भोवतीची मारामारी क्षणभर थांबली. मी थांबले नाही. जो जवळ आला त्याला मारत सुटले. मग कुणीतरी मागून माझे केस धरले, मला पायऱ्यांवरून फरफटत खाली आणलं आणि तोंडावर लाथ घातली. समोरचे दोन दात तिथंच पडले.

गोंधळ्यांनी आणि मास्तरांनी आम्हाला तिथून काढलं. सासऱ्यांना बैलगाडीत घालून आम्ही वाड्यात पोचतो तोवर दगड यायला लागले. पत्रे वाजत होते, कौलं फुटत होती. दारामागं आम्ही सगळे एकमेकांना धरून बसलो. दिवस मावळता मावळता पोलिसांची गाडी आली, तेव्हा दगड थांबले.

हवालदारानं जबाब घेतले. मला खात्री होती की मला नेणार. पण पुतण्यानं सांगितलं की झटापटीत तोल जाऊन तो स्वतःच जाळात पडला. मांगाच्या सुनेनं भाजलं, हे त्याच्या तोंडून निघेना. त्याच्या त्या माजानंच मला वाचवलं. मास्तरांनी मात्र जे बघितलं ते सगळं लिहून दिलं, आणि शाळा सुरू व्हायच्या आत त्यांची बदली झाली. आमचा खटलाही पुढं सरकला नाही. साक्षीला कुणी उभं राहिना. मिटवून घ्या म्हणून सरपंच घरी आले, तेव्हा सासऱ्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्या पावसाळ्यात आम्ही गाव सोडलं. नवऱ्याला नगरजवळ नागापूरला, नव्या वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. सासऱ्यांची बोटं वाकडीच सांधली. हलगी आम्ही बरोबर आणली होती, ती खुंटीला टांगलेली असायची.

पुढच्या चैत्रात, जत्रेच्या दिवशी, सासरे माझ्या नवऱ्याला म्हणाले की आज जरा वाजव. नवरा कामावरून आलेला, हातापायाला तेल लागलेलं. त्यानं हलगी खाली घेतली, जमिनीवर ठेवली आणि टाच घालून कातडं फोडलं. फुटल्यावरही तो तुडवतच राहिला. पारावरच्या त्याच टाचेनं, मला वाटलं. मी ओरडून त्याचा हात धरला तर त्यानं मला भिंतीवर ढकललं. त्यानं माझ्यावर कधी हात टाकला नव्हता.

सासरे उठले आणि डाव्या हातानं त्याच्या कानाखाली वाजवली. मग पुन्हा. नवरा मार चुकवत नव्हता. हात दुखायला लागला तेव्हा ते थांबले.

"त्यांनी माजी बोटं मोडली," ते धापा टाकत म्हणाले. "तू त्यांच्यावानी व्हऊ नको."

त्या दिवशी कुणी जेवलं नाही. सकाळी नवरा सुजलेला कान घेऊन कामाला निघाला, तर सासरे चपला घालून त्याच्याबरोबर निघाले. वर्कशॉपच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. काय बोललात, मी विचारलं. काहीच नाही, म्हणाले, आणि भाकरी मागितली.