फोटोग्राफरचे चार तुकडे

आक्का, मी मुंबईला निघालो त्या सकाळी हातकणंगल्याच्या स्टेशनावर तू रडत होतीस आणि आबा मला इंग्रजी शब्द विचारत होते. गाडी हलली तरी खिडकीला धरून चालत होते. "मोठा शब्द दिसला म्हणून भ्यायचं न्हाय. तुकडं कर, मग वाच की!"

हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर म्हणून त्यांनी सगळ्यांना, आपल्या दोघा भावंडांनाही, असंच शिकवलं. फळ्यावर शब्द लिहायचा, मध्ये उभ्या रेघा मारायच्या, आणि प्रत्येक तुकडा सारख्याच जोरानं म्हणायचा. इंग्रज माणसाला बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. होतं ते सगळं पुस्तकातलं.

जहाज कंपनीच्या ऑफिसात साहेबानं मला 'सर्टिफिकेट' तीनदा म्हणायला लावलं. तिन्ही वेळा त्याला कळलं नाही. सगळे हसले. मग टायपिस्टबाईंनी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पेन्सिलीचे ठोके देत मला शिकवलं. तुकडे बरोबर आहेत, म्हणाल्या, पण जोर एकावरच, बाकीचे अर्धे गिळायचे. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या तुकड्यावर. 'फोटोग्राफर' म्हटलं की तो सरकून दुसऱ्यावर जातो. हे ऐकून मला आबांचा राग आला. तुला कधी सांगितलं नाही, पण आला.

वर्षानं रजेवर आलो, तेव्हा आबा मला कौतुकानं वर्गात घेऊन गेले. फळ्यावर नेमका तोच शब्द. पोरं एका सुरात ओरडत होती, "फो, टो, ग्रा, फर!"

"आबा, असं न्हवं," मी म्हणालो. "फटॉग्रफर."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग. आबांनी खडू माझ्या हातात दिला. "तूच शिकीव," म्हणाले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मला तेव्हाच थांबता आलं असतं. मी तासभर शिकवलं, आणि मला मजा येत होती.

संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना त्यांनी विचारलं, "समदंच चुकलं व्हय रं? इतकी वर्सं?"

तुमचे तुकडे बरोबरच होते, चुकला तो फक्त जोर, एवढं म्हणायचं होतं. मी टॉवेल घेऊन आत गेलो. पुढं तुझं पत्र आलं, की आबांनी हेडमास्तरांकडून इंग्रजीऐवजी भूगोल मागून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात मी दारात उभा राहिलो तर आबांनी पेपराच्या वरून नुसते डोळे काढून पाहिलं आणि तुला हाक मारली, "आक्का, पावणं आल्यात. पाणी आण." ते हसून म्हणाले की नाही, ते मला दिसलं नाही, पेपर आड होता. विचारायचं राहून गेलं, आणि पाऊसकाळातच आबा गेले.

आता इथं दादरला माझी खोली आहे, बायको आहे. कुणी घर कुठलं विचारलं की मी अजून हातकणंगलेच सांगतो. पण आक्का, घर म्हणजे मला तेच दार वाटतं, जिथं आबांनी मला पावणा म्हटलं.