लिफ्टमधला खरवडलेला चौकोन

घरात त्याला घुम्या म्हणत आणि त्याच्या आत्तेभावाला भोंगा. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली लिफ्टदुरुस्ती शिकले आणि पाठोपाठ स्वतःची कामं धरू लागले. हात घुम्याचाच चांगला, हे उस्तादही सांगायचा. गिऱ्हाइकं मात्र भोंग्याकडे.

भोंग्याने खिशावर नाव शिवलेला निळा शर्ट केला होता. लिफ्ट अडकली तर घाबरू नका, असे व्हिडिओ तो टाकायचा. कुठल्याशा वॉचमनची मुलगी पास झाली की पहिला फोन याचा. आणि पाय टाकला त्या प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांखाली नाव-नंबराचा पिवळाधमक स्टिकर.

घुम्या आपण बरा की आपलं काम बरं. हातात पाना असला की सख्ख्या बापाचाही फोन उचलायचा नाही. "उथळ पाण्याला खळखळाट फार," असं तो बायकोला ऐकवायचा आणि जेवता जेवता भोंग्याचे व्हिडिओ बघत बसायचा.

"भाजी गार झाली," बायको म्हणायची. "त्याच्यावर जळतोस कशाला? तूही बोल की चार लोकांशी."

"मी कशाला जळू?" म्हणत तो पुढचा व्हिडिओ लावायचा. जळत होताच. अगदी घास उतरेना इतका.

अशात दवाखान्यांच्या एका सात मजली इमारतीला लिफ्टच्या देखभालीसाठी कायमचा माणूस हवा होता. सेक्रेटरीबाईंनी दोघांनाही लिफ्ट बघून जायला सांगितलं. हे काम मिळालं की घुम्या उस्तादाकडची अर्धवेळ नोकरी सोडून पुरता स्वतःचा मालक होणार होता. सकाळी लवकर जाऊन त्याने मोटर पाहिली, दोर पाहिले, ग्रीस लावलं. मग लिफ्टमध्ये शिरला, तर बटणांखाली पिवळा स्टिकर! अजून काम कुणाला दिलेलं नाही आणि हा आपलं नाव चिकटवून मोकळा! घुम्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्टिकर पार खरवडून टाकला. मागे गोंदाचा मळकट चौकोन राहिला. त्या रागात दरवाज्याचा स्विच, जो ढिला पडला की लिफ्ट जागीच थांबते, तपासायचा राहिला, तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी तो उस्तादाच्या कारखान्यात असताना भोंग्याचा फोन आला. घुम्याने वाजू दिला. परत आला. परत वाजू दिला. शेवटी उस्तादाने स्वतःचा फोन त्याच्या कानाला लावला.

"अरे, मामा अडकलेत!" भोंगा ओरडत होता. "दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते, तीच आपली इमारत. मी गावाबाहेर आहे. तू पळ. बाईंना सांगितलंय, माझ्यापेक्षा चांगला माणूस पाठवतोय म्हणून."

घुम्या पळाला. आधी वर जाऊन मेन स्विच बंद केला, ब्रेक सोडून चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणली आणि किल्लीने दार उघडलं. आत वडील घामाघूम, एक गाल दाताने सुजलेला. दाराचा स्विच लोंबत होता.

"बाबा, मला का नाही केला फोन?"

"केला होता. आधी तुलाच केला." वडिलांनी कपाळ पुसलं. "तू कधी उचलतोस? मग त्याला लावला. त्याने पहिल्या रिंगला उचलला, आणि मध्ये तुम्हाला फोन लावायला ठेवला तेवढाच, नाहीतर लिफ्ट हलेपर्यंत माझ्याशी बोलत राहिला." त्यांनी बटणांखाली बोट दाखवलं. "इथे म्हणे त्याचा नंबर होता. कुणा जळक्याने खरवडलाय बघ. माझ्याकडे होता म्हणून बरं, दुसरं कुणी अडकलं असतं तर?"

घुम्या खाली वाकून स्विच आवळत राहिला.

सेक्रेटरीबाई आल्या. "छान केलंत हो. तुमचं कार्ड द्या ना."

त्याच्याकडे कार्ड नव्हतं.

"मग इथेच नंबर लिहा," म्हणत त्यांनी जाडं पेन पुढे केलं. "रिकामी जागा आहेच."

तो त्या चौकोनासमोर उभा राहिला. वडील बघत होते. त्याने आधी भोंग्याचा नंबर लिहिला. एकदाही न अडखळता, सगळाच्या सगळा पाठ. तो आपल्याला पाठ आहे याचाच त्याला भयंकर राग आला. मग खाली, जरा लहान अक्षरांत, त्याने स्वतःचा लिहिला.

"दोन कशाला?" बाईंनी विचारलं.

"वरचा लगेच उचलतो," घुम्या म्हणाला.