रंगवलेली साखळी

ह्यांचा जबडा मोडला तेव्हा मी डबा घेऊन तुर्भ्याच्या यार्डात उभी होते, त्यामुळे ती गोष्ट मला कुणी मऊ करून सांगू शकलं नाही. ट्रेलरवर खोदकामाचं अवजड मशीन चढलं होतं आणि हे त्यावरची साखळी आवळत होते. साखळी ताणून धरायला जो बाइंडर असतो, तो आमच्याकडे दांड्याचा होता. दांडा पुरेसा खाली जाईना म्हणून ह्यांनी त्यावर पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. पाइप निसटला, दांडा उलटा उसळला आणि ह्यांच्या तोंडावर बसला. रक्ताबरोबर दात हातावर आले. हे ओरडले नाहीत, कारण ओरडायला तोंड जागेवर नव्हतं. मीच ओरडले. ट्रेलरच्या मालकाला, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, भर यार्डात नाही नाही ते बोलले.

दादा एवढंच म्हणाले, "लोखंडाचा धंदा हाय, लागतंच कधीतरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती साखळी वापरून वापरून इतकी ताणली होती की तिच्या कड्या लांबट झाल्या होत्या. ती आवळली जाणार कशी? मागे मशीन, पुढे केबिनमध्ये माझा नवरा, आणि दोघांच्या मध्ये फक्त साखळी. ब्रेक लागला की ट्रेलर थांबतो, मशीन थांबत नाही. हे मला यार्डात कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं बघून कळत होतं.

ह्यांचा जबडा तारेने बांधला होता. हे पेज पिऊन पडले होते, तेव्हा मी एकटी तुर्भ्याच्या हार्डवेअरच्या गल्लीत गेले. दुकानदाराने विचारलं, "ताई, साखळी झोपाळ्याला पायजे का?"

"नवरा जिवंत ठेवायला पाहिजे," मी म्हटलं. मग त्याने चकचकीत माल मागे सारला आणि आतून काळी, जड साखळी ओढून आणली. मी मेथी निवडतात तशी कडी न् कडी बघितली. कडीवर ताकदीचा शिक्का ठोकलेला आहे का, जोड नीट वितळलाय का, टोकाचा आकडा कडीत पुरता अडकतो का. बाइंडर दांड्याचा नको म्हटलं, आट्यांचा द्या, फिरवून आवळायचा. "टाइम लागतो त्याला," तो म्हणाला. लागू दे. तो उसळून तोंड फोडत नाही.

दादांनी ते सगळं पोत्यात घालून कोपऱ्यात फेकलं. जुनी साखळी त्यांच्या पहिल्या गाडीची होती. कोपरखैरण्यातली खोली तिच्यावर झाली असं ते सगळ्यांना सांगत. दर खंडेनवमीला ते तिला लाल ऑइलपेंट लावून पूजा करत, आणि पूजेचं लोखंड मोडीत घालायचं नाही हा त्यांचा कायदा. मी चिडून ती साखळी उन्हात पसरली आणि बोटांनी चाचपली. एका कडीच्या वळणावर केसाएवढी चीर होती. तिला मी चिंधी बांधली आणि दादांना दाखवली. ते बघायलाही वाकले नाहीत.

खंडेनवमी आली. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गाडीवर जायचे होते. सकाळी मी यार्डात गेले तर पाटावर साखळी लालभडक, वर झेंडूचा हार, हळदकुंकू. चिंधी चिखलात पडलेली.

"दादा, चीर होती ती कडी कुठली?"

"आता सगळ्या सारख्याच," ते म्हणाले. "बाईमाणसानं लोखंडात नाक खुपसू नये."

मी पाटावरून साखळी खाली ओढली आणि घण उचलला. जाऊबाई किंचाळल्या. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीला हात लावायचा नसतो आमच्यात. दादांनी माझं मनगट पिरगाळलं आणि कानाखाली मारली. ह्यांनी जन्मात दादांपुढे मान वर केली नव्हती. त्या दिवशी दोन्ही हातांनी असं ढकललं की दादा ट्रेलरच्या चाकावर आपटले. मी घण घालत सुटले. रंगाचे पोपडे उडत होते, कुंकू उडत होतं, माझ्या हातांना झिणझिण्या येत होत्या. मग एक कडी उघडली. आतून जुन्या गंजाने काळी, कडेला फक्त एक रेघ धड लोखंडाची, चकचकीत. तेवढ्या रेघेवर माझा नवरा गाडी चालवणार होता.

ह्यांनी किल्ली पाटावर ठेवली. जबडा अजून नीट उघडत नव्हता. "दादा, ह्या साखळीवर मी नाय जाणार."

"नको जाऊ," दादा म्हणाले. त्यांनी तुटलेल्या जागी बोल्ट टाकून साखळी जोडली, आणि दसऱ्याला मशीन घेऊन स्वतःच निघाले.

खाली वाण्याच्या फोनवर निरोप आला. तुर्भे नाक्याजवळ रिक्षा आडवी आली, दादांनी ब्रेक मारला, बोल्ट तुटला आणि मशीन केबिनमध्ये घुसलं. आम्ही पोचलो तेव्हा गॅस कटरने पत्रा कापत होते. दादा आत दाबलेले, मांड्यांच्या खाली काही ओळखू येत नव्हतं. मला बघून त्यांनी आईवरून शिवी दिली. मीही दिली. ते बाहेर निघेपर्यंत आम्ही दोघं भांडत होतो, आणि हे म्हणतात त्यानेच दादा शुद्धीवर राहिले. पाय मात्र राहिले नाहीत.

"हिनं पूजेची साखळी मोडली म्हणून," असं जाऊबाईंनी अख्ख्या आळीला सांगितलं. मी मोडली. पुन्हा मोडेन. पण हे गाडीवर गेले आणि वाण्याच्या फोनची घंटा वाजली की मी हातातलं टाकून जिन्यात येऊन उभी राहायचे, ते कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला दादांना खुर्चीत बसवून यार्डात आणलं. मी पोत्यातून काढलेली ती काळी साखळी आता वर्षभर चालली होती. ती त्यांनी मांडीवर घेतली. हे बिचारे दादांना बरं वाटावं म्हणून जुन्या सवयीने लाल रंगाचा डबा उघडून घेऊन आले. दादांनी तो हिसकावला आणि ह्यांच्याच अंगावर भिरकावला. ह्यांचा पांढरा सदरा छातीपासून लाल झाला आणि मी धावत जाऊन ह्यांची छाती चाचपली, रंगच होता.

"रंग लावलास तर पाय नसले तरी उठून मारीन," दादा म्हणाले. आणि मान खाली घालून, नखाने, एकेक कडी चाचपत राहिले.