गेरूची टेंबी

माझी चुलती कस्तुराबाई हट्टी होती, असं म्हणणाऱ्यांनी हट्ट पाहिलेलाच नाही. हट्टी माणूस भांडतो. ती भांडायचीसुद्धा नाही. सगळं हसून ऐकून घ्यायची आणि करायची आपलंच.

लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगरांत आमचं गाव होतं. गावाच्या मधोमध एक बुटकी टेकडी, तिला आम्ही टेंबी म्हणायचो. खाली काळा कातळ, वर काळा कातळ आणि मध्ये पुरुषभर उंचीचा तांबडा पट्टा. तो पट्टा म्हणजे गावाचा गेरू. दसऱ्याआधी आम्ही बायका टोपल्या घेऊन तिथं खणायला जायचो. नव्या सुनेनं तर पहिली टोपली टेंबीवरूनच आणायची आणि सासरचा उंबरा सारवायचा, ही रीत. पट्ट्याच्या बरोबर वर, कातळाच्या कडेवर चुलतीचं घर होतं. वाऱ्याला आडोसा चांगला, म्हणून तिच्या आजेसासऱ्यानं तिथं बांधलेलं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. लोक सुदुंबऱ्याच्या बाजूला नव्या जमिनींवर गेले. टेंबीचा तांबड्या पट्ट्यापासून वरचा भाग मात्र पाण्याच्या सरकारी खुणांच्या वर राहिला. चारी बाजूंनी पाणी, झालं बेट! चुलती विधवा, एकुलता एक मुलगा नथू तळेगावला कारखान्यात. त्यानं आईला परोपरीनं समजावलं. शेवटी तिनंच शब्द दिला, की घर उभं आहे तोवर ती इथंच राहील, आणि ज्या दिवशी घर जाईल त्या दिवशी मुकाट्यानं त्याच्यासोबत येईल. घर पडणार नाही याची तिला पुरेपूर खात्री होती.

गाव उठलं तरी बायका गेरूला येतच राहिल्या, आता होडीतून. नव्या गावची माती पांढरट, भिंतींना रंग चढेना, म्हणून टोपल्या उलट जास्तच भरायच्या. चुलतीला त्याचा कोण अभिमान. गाव हलवलं, रंग कुठं हलवता आला, असं म्हणत ती स्वतः कुदळ हातात द्यायची.

एकदा पुण्याच्या कॉलेजातले एक मास्तर विद्यार्थ्यांना घेऊन टेंबी बघायला आले. फार फार पूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला, थिजला, त्याचा हा कातळ झाला, असं त्यांनी सांगितलं. मग युगानुयुगं तो उन्हापावसात कुजला, त्याची तांबडी माती झाली आणि तिच्यावर पुन्हा नवा रस पसरला. चुलतीला जराही नवल वाटलं नाही. एक हात सारवायचं, वाळू द्यायचं, मग दुसरा हात द्यायचा. जमीन अशीच करतात, असं तिचं म्हणणं. मास्तर हसले, पण जाताना बजावून गेले, की मऊ थर आता पाण्यात भिजतोय, खणणं थांबवा. तिनं त्यांना ताक पाजलं आणि खणणं चालू ठेवलं.

त्याच वर्षी दसरा झाल्यावर भर दुपारी कड खाली बसली, घरासकट. चुलती शेरडं घेऊन माथ्यावर होती म्हणून वाचली. कितीतरी दिवस भोवतालचं पाणी तांबडं होतं.

नथू होडी घेऊन निघाला, तेव्हा मीही सोबत गेले. चुलती ढिगाऱ्यावर बसून रडत होती. मांडीवर भिंतीचं एक ढेकूळ. त्याच्या फुटक्या बाजूला गेरूचे हात दिसत होते, एकावर एक, तिचे, तिच्या सासूचे, आजेसासूचे. नथूनं हळूच शब्दाची आठवण करून दिली.

"दिलता शब्द, व्हय," ती म्हणाली. "तवा वाटायचं, डोंगर मला सांभाळतोय. आमी बायकांनीच त्याचं पोट पोखरलं, नथू, आन् कुदळ मी दिली. आता त्याला असा टाकून येऊ?"

नथूनं होडी बांधली आणि ढिगाऱ्यातला एक धोंडा उचलून माथ्याकडे चालू लागला. शेवटी तोही तिचाच मुलगा.

माथ्यावर नवं घर झालं, नुसतं शेणानं सारवलेलं. खणायला सगळ्यांना बंदी. बायका रुसल्या, मीही रुसले आणि दुकानातला गेरू आणू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात नथूचं लग्न झालं. नवी सून लीला रीतीप्रमाणे टोपली आणि कुदळ घेऊन होडीतून उतरली. आता पोटच्या पोराच्या बायकोला तरी ही नाही म्हणते का, ते बघायला आम्ही साऱ्याजणी आलो होतो. चुलतीनं तिच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि जपून ठेवलेलं ते ढेकूळ तिच्या टोपलीत ठेवलं.

"हे भिजव आन् उंबरा सारव," ती म्हणाली. "ह्यात माझ्या सासूचा बी हात हाय."

लीलानं थोडंसंच खरवडून भिजवलं आणि माथ्यावरच्या घराचा उंबरा तांबडा केला. उरलेलं ढेकूळ तिनं पदरानं पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं, पुढं येणाऱ्या आपल्या सुनेसाठी.