पोलीस आले की पळायचं

आमच्या पारधी वस्तीवर पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाप मोर्च्यातून घेऊन यायचा आणि मला मोठ्यानं वाचायला लावायचा. 'आम्ही जन्मानं गुन्हेगार नाही' हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ होतं. म्हणूनच संभाजीनगरला विद्यापीठात मी गुन्हेगारीशास्त्र घेतलं. आमच्यावर शिक्का मारणारं शास्त्र नेमकं काय म्हणतं, ते मला बघायचं होतं.

दुसऱ्या वर्षी परदेशात एक वर्ष शिकायला माझी निवड झाली. पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात. दोन शेजाऱ्यांनी 'हिला ओळखतो' म्हणायचं, सही करायची, संपलं. वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी हवालदार चहा पिऊन गेला.

माझ्या वस्तीवर तो न कळवता जीप घेऊन आला. मी तेव्हा शहरात शहागंजच्या बाजारात बॅगा बघत होते. धुरळा दिसला तशी सगळी वस्ती कपाशीत पळाली. आमच्यात पोर चालायला लागलं की हेच शिकतं: आधी पळायचं, कशाला आले ते मग विचारायचं. तालुक्यात कुठंही चोरी झाली की आमचाच माणूस उचलतात. दुसरं काय शिकणार?

मी ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "तुला शेजारीच नाय. समदे पळाले. काय केलं नसतं तर पळाले असते व्हय?"

सरांनी वर्गात हेच शुद्ध मराठीत शिकवलं होतं. पळून जाणं हे अपराधाचं लक्षण. "कोणाला बघून पळाले ते लिहायचं नाही का, सर?" मी विचारलं होतं. "परीक्षेत नाही," सर म्हणाले आणि वर्ग हसला.

"परवा या," मी हवालदाराला म्हणाले. "सगळे असतील."

वस्तीवर चुलता म्हणाला, "बाई, पाय ऐकत नाय. जीप बघितली की आपोआप निघत्यात."

बाप म्हणाला, "मंग हात धरून उभं राहू."

आणि राहिले. जीप थांबली, पण हवालदार खाली उतरेना. आतूनच ओरडला, "जमाव कशापायी केला? पांगा!"

पळालो तर गुन्हेगार, उभे राहिलो तर जमाव. आम्ही नेमकं कसं असावं, ते या लोकांनी एकदा सांगून टाकावं.

चुलता हात सोडून पुढं गेला. "शेजारी पायजेत ना, सायेब? घ्या. आख्खी वस्ती हाय."

"पोरगी कशी हाय? काय भानगड?"

"भानगडी करायला तिला टाइम कुठाय? लई अभ्यास असतो. तुमच्यावरचाच."

बायका फिसकन हसल्या. हवालदार हसला नाही, पण कागद पुढं केला. चुलत्यानं अंगठा उठवला, शेजारणीनं सही केली आणि त्यावर माझा पासपोर्ट निघाला.

चुलत्याच्या दहाही बोटांचे ठसे ठाण्यात केव्हाचे पडून आहेत. साक्षीदार म्हणून घेतलेला हा पहिला.