उभ्या गाडीचे काका

“गाडी किती देते ते नंतर. ती उभी किती असते, ते आधी सांग.” नवी गाडी घ्यायची म्हणून सल्ला विचारायला गेलं की आमच्या तळमजल्यावरचे काका हेच विचारायचे. तेही दारातच, चष्मा कपाळावर सरकवून.

तुमच्याही सोसायटीत असा एखादा सल्लागार असेल, फुकट मिळतो म्हणून सगळ्यांनी वापरलेला. आमचे काका मोटारींच्या कारखान्यात चाचणी विभागात होते. निवृत्तीनंतरही सवय सुटली नव्हती. सल्ला देण्याआधी ते आठवडाभर तुमच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर बसून ऑफिसपर्यंत यायचे. हातात स्टॉपवॉच. गाडी थांबली की ते चालू, हलली की बंद. मग मेट्रोने घरी.

रोज मेरठला जाणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं, “तू हायवेवर पळतोस. साधी छोटी पेट्रोल घे. हायब्रीडचे जास्तीचे पैसे तुझे वसूल व्हायचे नाहीत.” मला मात्र म्हणाले, “बेटा, गाझियाबाद ते करोल बाग, तुमचा अर्धा वेळ उभ्यानंच जातो. हायब्रीड थांबली की इंजिन बंद, एसी बॅटरीवर. महाग पडेल, पण तुम्ही बिल्कुल तीच घ्या.”

शोरूमवाल्याने माझ्या नवऱ्याला दणकट डिझेल गाडी दाखवली. ॲव्हरेजही चांगलं आणि वर रुबाब. “काकांना हायब्रीडवाल्यांकडून कमिशन मिळत असणार यार,” नवरा म्हणाला. मी हसले. नुसती हसले नाही, मराठी मंडळाच्या ग्रुपवर तिखटमीठ लावून लिहिलंही. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

काकांच्या कानावर ते गेलंच. तरी त्यांनी आमच्या नव्या डिझेल गाडीचा पेढा घेतला. “अच्छा, टायर चांगले आहेत,” एवढंच बोलले. त्यानंतर ते कुणाच्याच गाडीत बसले नाहीत.

आमची पार्किंगची जागा त्यांच्या खिडकीसमोर. नवरा सकाळी खाली जाऊन गाडी चालू करायचा, एसी लावायचा आणि वर येऊन चहा प्यायचा. उन्हाळ्यात गाडी गार होईपर्यंत, थंडीत गरम होईपर्यंत. काकूंना श्वासाचा त्रास आहे हे सगळ्यांना माहीत होतं. दिल्लीत कुणाला नाही, असं म्हणून आम्ही मोकळे झालो होतो.

नोव्हेंबरात काकू गेल्या. भेटायला गेले तेव्हा मी ती खोली पहिल्यांदा पाहिली. खिडकीच्या फटींवर चिकटपट्टी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. पलंग ओढून पार दाराशी आणलेला. काचेपलीकडे, हाताच्या अंतरावर, आमच्या गाडीचा सायलेन्सर.

मला राग आला तो काकांचाच. “एकदा तरी सांगायचंत! आम्ही गाडी दुसरीकडे लावली असती.”

“मग तुम्ही म्हणाला असता, म्हातारा बायकोसाठी सल्ले देतो,” काका म्हणाले. “मी मोजून सांगितलं होतं बेटा. ते खोटं ठरलं असतं.”

इतकं सरळ असू नये माणसानं. त्यांनी आमच्या बोनेटवर वीट घालायला हवी होती, आरडाओरडा करून सोसायटी गोळा करायला हवी होती. आमची तेवढीच लायकी होती.

त्या दिवसापासून आम्ही गाडी गेटबाहेर लावायला लागलो. महिन्याभरात काका फ्लॅट विकून मुलीकडे नागपूरला गेले. दुसऱ्याच सकाळी खालून इंजिनाचा ओळखीचा आवाज आला. नवरा स्वयंपाकघरात चहा गाळत होता.

“जुन्या जागेवर लावलीस?”

“हो. आता कोण राहतं तिथे?”

मी तशीच अनवाणी खाली गेले, गाडी बंद केली आणि किल्ली मुठीत धरून त्या खिडकीपाशी उभी राहिले. उशीर होतोय म्हणून नवरा वरून हाका मारत होता. मी वर पाहिलंसुद्धा नाही.