उत्तनच्या बोटीवरचा गप्प डबा

भाईंदर पश्चिमेला आमच्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये बसून मी छोट्या यंत्रांच्या प्रोसेसरवर कर्नल बसवायचं काम करते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसरला काम कधी द्यायचं, कधी झोपवायचं, कधी उठवायचं हे सगळं तो ठरवतो. माझा भागीदार शांती नगरला राहतो. तो डबे जुळवतो, मी त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहिते. दोघांचीच कंपनी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मासेमारीच्या बोटींसाठी एक डबा बनवला. दर अर्ध्या तासाने त्याने जागं व्हायचं, बोट कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवायचं आणि पुन्हा झोपायचं. घरच्यांना मोबाईलवर, नकाशात, बोटीचा ठिपका दिसायचा. उत्तनच्या तीन बोटींवर आम्ही ते डबे चाचणीसाठी लावले होते.

त्यातल्या एका बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, साठीचा होता. बोलणं कमी, पण नजर बारीक. डबा लावतानाच त्याने अट घातली होती, "इंजिन बंद असलं का माझ्या बॅटरीला तोंड लावायचं न्हाय. ती मला इंजिन उठवायला लागते." म्हणून डबा बोटीची वीज इंजिन चालू असतानाच घ्यायचा आणि एरवी स्वतःच्या छोट्या बॅटरीवर राहायचा. ती बॅटरी पुरत नाही, अशी त्याची तक्रार आली तेव्हा मी त्याच्या डब्यात नवीन सॉफ्टवेअर घातलं. इंजिन बंद झालं की प्रोसेसरने पूर्वीपेक्षा खूप गाढ झोपायचं. टेबलावर दोन दिवस चालवून बघितलं. दर अर्ध्या तासाने निरोप येत होता. बाकीच्या दोन बोटींना मी हात लावला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी नऊच्या सुमारास तांडेलाच्या बायकोचा फोन आला. तिला मी मावशी म्हणायचे.

"बाय, ठिपका कालपासून हलला न्हाय."

मी लॅपटॉप उघडला. शेवटचा निरोप आदल्या दिवशी दुपारी एकचा होता. त्यानंतर काहीच नाही. वीस तास. बोटीवर पाच माणसं होती.

"वायरलेसवर बोलणं झालं का?" मी विचारलं.

"न्हाय लागत. वारा बी सुटलाय. दीर बोलतो, मी बोट काढतो."

मी म्हटलं, अर्धा तास द्या, बघते. भागीदाराला फोन केला तर तो म्हणाला, "बॅटरी गेली असेल गं. तू लगेच बोट बुडवू नकोस." पण मला खात्री करायची होती. तसाच एक डबा, तेच सॉफ्टवेअर घातलेला, माझ्या टेबलावर होता. त्याला लॅपटॉपची वायर लावलेली होती. ती मी काढली आणि डबा गॅलरीत नेऊन ठेवला.

अर्धा तास झाला. निरोप नाही. आणखी पंधरा मिनिटं. नाही.

मग मी कोड उघडला आणि चूक पाच मिनिटांत सापडली. प्रोसेसरला जागं करायला त्याच्याच अंगात एक टायमर असतो. हलक्या झोपेत तो चालू राहतो, पण गाढ झोपेत प्रोसेसरची वीज काढली की त्या टायमरचीही जाते. म्हणून गाढ झोपण्याआधी कर्नलने उठवायची वेळ दुसऱ्या, बाहेरच्या, कायम चालू असणाऱ्या टायमरकडे द्यायची असते. पण ती द्यायला हवी हे कर्नलला सांगावं लागतं. हार्डवेअरच्या वर्णनात एक ओळ लिहायची की या झोपेत टायमर बंद पडतो. ती ओळ मी लिहिली नव्हती. टेबलावर वायर लावलेली असताना डबा त्या झोपेत जातच नव्हता, त्यामुळे मला दोन दिवस सगळं ठीक दिसलं.

लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकले. मावशींना फोन केला. "मावशी, डबा बिघडलाय. माझीच चूक आहे. बोटीचं काही नाही."

पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडला. मग कुणाला तरी ओरडून सांगितलं, "डबाच बंद हाय, होरी बरी हाय. नको जाऊ." मी ते ऐकलं.

चहा ठेवला. उकळेपर्यंत गॅलरीतला डबा आत आणला आणि सवयीने त्याला वायर लावली. लगेच लॅपटॉपवर निरोप आला. डबा जागा झाला होता. वीज आली की तो उठणारच, त्याला टायमर लागत नाही. आणि बोटीवर त्याला वीज कधी मिळते? इंजिन सुरू झालं की.

बोटीवरचा डबा माझ्या चुकीमुळे झोपला होता, ते खरं. पण काल एकनंतर इंजिन एकदा जरी सुरू झालं असतं, तरी तो उठला असता. म्हणजे वीस तासांहून जास्त वेळ इंजिन सुरूच झालेलं नव्हतं. जाळं टाकून बोट काही तास उभी राहते, पण रात्र आणि अर्धा दिवस नाही. आणि मी नुकतंच सांगितलं होतं की बोटीचं काही नाही.

मावशींचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. दिराचा नंबर माझ्याकडे नव्हता. भागीदाराला म्हटलं, कोस्टल पोलिसांना कळव, शेवटची जागा दे. मी खाली उतरून रिक्षा पकडली. "उत्तन, जल्दी," म्हटलं. तो रस्ता मी शंभर वेळा गेले असेन, त्या दिवशी संपेना. वाटेत मी मावशींचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते.

धक्क्यावर दीर सापडला. इंजिन बंद करून तो जाळं शिवत बसला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने मान वर केली.

"मघाशी तुमीच बोलल्या ना, होरी बरी हाय?"

"चुकलं माझं. डबा बंद आहे, पण इंजिनही बंद आहे. कालपासून. इंजिन लागलं असतं तर डबा उठला असता."

"नक्की?"

"इंजिनचं नक्की. बाकी मला काही माहीत नाही."

त्याने सुई तिथेच टाकली आणि चार माणसांना हाका मारल्या. मी दाखवलेली शेवटची जागा बघून त्याने वाऱ्याकडे तोंड केलं, ओहोटी कधी होती ते बोटांवर मोजलं आणि म्हणाला, "तिथं न्हाय मिळायची. बाहेर खोल पाण्यात ओढली असंल." दहा मिनिटांत बोट सुटली. त्या बोटीवर आमचा जुन्या सॉफ्टवेअरचा डबा होता.

मावशी चर्चमधून परत आल्या तेव्हा मीच त्यांना सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या सावलीत आम्ही दोघी बसलो. माझा मोबाईल मध्ये ठेवलेला. दर अर्ध्या तासाने दिराचा ठिपका पुढे सरकायचा. प्रत्येक वेळी एखादं मिनिट उशीर झाला की मला वाटायचं, हाही बंद पडला.

"पवता येतं त्यांना," मावशी मध्येच म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन बाहेर जास्त वेळ न्हाय पवता येत."

पाच माणसांपैकी दोघांना मी ओळखत होते. बाकी तिघांचे चेहरे आठवायचा प्रयत्न करत होते आणि ते येत नव्हते, याचीच मला जास्त भीती वाटली.

चारच्या निरोपात ठिपका जिथे होता तिथेच होता. साडेचारलाही तिथेच. पाचला तो परत फिरलेला दिसला, पण फार हळू. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्याने मोबाईल हातात घेऊन ठिपक्याच्या मागच्या आणि आताच्या जागेतलं अंतर बघितलं. "ओढतंय कायतरी," तो म्हणाला.

बोट मिळाली होती. पण बोटीवर कोण होतं, ते ठिपका सांगत नव्हता. तो दीड तास मी कसा काढला ते मला आजही नीट आठवत नाही. मावशींनी माझं मनगट धरलं होतं, एवढंच आठवतं. अंधार पडता पडता धक्क्यावरच्या वायरलेसवर दिराचा आवाज आला. खरखर खूप होती. त्याने पाच नावं घेतली, एकेक करून. पाचव्या नावाला मावशींनी मनगट सोडलं.

इंजिन बंद पडल्यावर त्यांनी ते उठवायचा इतक्या वेळा प्रयत्न केला की बोटीची बॅटरीच संपली, आणि तिच्याबरोबर वायरलेसही. नांगर टाकला तर दोर तुटला. पाणी संपत आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून उत्तनला बोलणं सुरू झालं की डब्यामुळे बोट सापडली. भागीदार म्हणाला, "बोलू दे ना. चांगलंच आहे." मला ते सहन होईना. मी तांडेलाच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. न लिहिलेली ओळ, मावशींना केलेला पहिला फोन, त्यामुळे थांबलेली दिराची बोट, वाया गेलेला दीड तास.

तो पेज पीत होता. वाटी खाली ठेवली. "इंजिनाचं काम मी बी दोन महिने टाळत व्हतो," तो म्हणाला. मग वाटी पुन्हा उचलून, "डबा काढून ने. नीट करून आन. आनि पुन्यांदा नक्की ठावं नसंल तं बरं हाय असं सांगू नको."

डबा मी नीट केला. आता चाचणी वायर काढून, गॅलरीत, आठ-आठ दिवस चालते. तरी निरोप यायला दोन मिनिटं उशीर झाला की मी हातातलं काम टाकून नकाशा उघडून बसते.